आपल्यात हे नसतं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त महिला मंडळ आणि ज्येष्ठ नागरिक कट्टा यांनी मिळून घेतलेल्या आरोग्यविषयक कार्यक्रमात बी विंगमधील एका सभासद शिक्षिकेने केलेले हे भाषण. त्या दिवशी जे येऊ शकले नाहीत त्यांच्या आग्रहावरून ते येथे देत आहोत. – संपादक मंडळ)



मला बोलायला सांगितलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "तुम्ही शाळेत विज्ञान शिकवलंय, काहीतरी आरोग्याचं सांगा." मी हो म्हटलं. पण आज मी जे सांगणार आहे ते शाळेतलं नाही. आधी एक कबुली देते. दहा वर्षांपूर्वी, २०१४ साली, माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तुम्ही सगळे भेटायला आलात. कोणी नारळपाणी आणलं, कोणी डबा दिला, लिफ्ट बंद होती तर तळमजल्याच्या काकांनी माझी पिशवी तिसऱ्या मजल्यापर्यंत उचलून आणली. आणि "काय झालं होतं?" असं विचारलंत तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, "मोतीबिंदू." ते खोटं होतं. माझ्या डोळ्यात कॅन्सरची गाठ होती आणि तो डोळा काढावा लागला. आता आहे तो कृत्रिम आहे, ॲक्रिलिकचा. चांगला केलाय, म्हणून कोणाला कळलं नाही. ज्यांना कळलं त्यांनी विचारलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना पिवळा पट्टा आहे ना? तो मारायला त्या वेळच्या सेक्रेटरींना मीच सांगितलं होतं. एका डोळ्याने खोली कळत नाही. पायरी कुठे संपते ते दिसत नाही. कपात चहा ओततानासुद्धा किटलीची चोच कपाच्या कडेला टेकवून घ्यावी लागते. सेक्रेटरींना मी "म्हाताऱ्या माणसांसाठी" असं कारण दिलं. म्हातारी माणसं मला आशीर्वाद देतात, मी तो गुपचूप घेते.

तर आता त्या आजाराचं सांगते. डोळ्याच्या भिंतीला तीन थर असतात. बाहेरचा पांढरा, आतला म्हणजे आपण ज्याला पडदा म्हणतो तो, आणि या दोघांच्या मधला रक्तवाहिन्यांचा आणि रंगद्रव्याचा. या मधल्या थराचं नाव युव्हिया. त्याचा पुढचा भाग म्हणजे आपलं बुबुळ, जे आरशात दिसतं. पण मागचा मोठा भाग, कोरॉइड, बाहेरून अजिबात दिसत नाही. त्वचेला रंग देणाऱ्या ज्या पेशी असतात तशाच पेशी इथेही असतात. त्या बिघडून वाढायला लागल्या की जी गाठ होते तो डोळ्यातला मेलॅनोमा. बहुतेक वेळा ती कोरॉइडमध्येच होते. म्हणजे भिंतीच्या आतली ओल. बाहेरून रंग अगदी व्यवस्थित, आत पाइप गळतोय. आपल्या ए विंगच्या डक्टमध्ये काय झालं होतं ते सगळ्यांना आठवत असेलच!

दुखत नाही. लाल होत नाही. पाणी येत नाही. काही जणांना एका बाजूला सावली दिसते, काहींना प्रकाशाचे झटके दिसतात, काहींना सरळ रेघ वाकडी दिसते. आणि बऱ्याच जणांना काहीच होत नाही, दुसऱ्याच कारणासाठी डोळा तपासताना गाठ सापडते.

मला रेघ वाकडी दिसत होती. २०१३ साली मी फळ्यावर आलेखाचे अक्ष काढत होते. उभा अक्ष मध्येच पोट सुटल्यासारखा दिसला. मुलांना विचारलं, "सरळ आहे का रे?" मुलं म्हणाली, "सरळ आहे बाई." मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते. चष्म्याच्या दुकानात गेले, नंबर बदलून दिला. चार महिन्यांनी पुन्हा गेले, पुन्हा बदलून दिला. मग एका डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले मोतीबिंदूची सुरुवात आहे, घाई नाही. शेवटी एका ठिकाणी बाहुली मोठी करायचे थेंब घालून तपासलं. तेव्हा मागे काळपट डाग दिसला. मी घाबरून विचारलं, कॅन्सर तर नाही ना? त्यावर मला जे उत्तर मिळालं ते मी आजही विसरलेले नाही. "छे हो, तो गोऱ्या लोकांना होतो. आपल्यात हे नसतं. रक्तस्राव असेल, तीन महिन्यांनी या."

मला केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू! येताना मी देवळात जाऊन आले. तीन महिन्यांनी जायचं ते परीक्षा होत्या म्हणून पाच महिन्यांनी गेले. तोवर अर्ध्या डोळ्यापुढे पडदा आला होता. मोठ्या रुग्णालयात पाठवलं, सोनोग्राफी झाली. गाठीची जाडी अकरा मिलिमीटर निघाली.

आता, ते डॉक्टर खोटं बोलले का? नाही. मला राग आला होता, बरीच वर्षं होता. पण नंतर माझा धाकटा भाऊ, जो न्यू जर्सीला असतो, त्याच्या मदतीने मी या विषयावरचं वाचायला लागले. शिक्षकाची खोड, दुसरं काय. तेव्हा कळलं की डॉक्टरांचं वाक्य अर्धं खरं होतं, आणि अर्धं खरं वाक्य फार महाग पडतं.

खरं अर्धं असं. अमेरिकेत कॅन्सरच्या सरकारी नोंदी वंशाप्रमाणे ठेवल्या जातात. त्यावरून काढलेला दर असा, की गोऱ्या लोकांत दर वर्षी दहा लाखांमागे सुमारे सहा जणांना हा आजार होतो. लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांत दोनाहून कमी. आशियाई आणि कृष्णवर्णीय लोकांत तर एकाच्याही निम्म्याहून कमी, ०.३ ते ०.४ च्या आसपास. म्हणजे पंधरा-वीस पट फरक. युरोपातसुद्धा उत्तरेकडून दक्षिणेकडे आलं की आकडा उतरत जातो. नॉर्वे-डेन्मार्कमध्ये दहा लाखांमागे आठाच्या वर, तर स्पेन आणि दक्षिण इटलीत दोनाच्या आसपास. निळे-घारे डोळे आणि उन्हात न रापणारी गोरी कातडी असलेल्यांना धोका जास्त, हे नक्की आहे.

यात गंमत अशी, की काळ्या डोळ्यात आणि निळ्या डोळ्यात रंग तयार करणाऱ्या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्या पेशींतल्या रंगद्रव्याचा. आणखी एक गोष्ट. त्वचेच्या मेलॅनोमाला ऊन कारणीभूत असतं हे सिद्ध आहे, पण डोळ्याच्या मागच्या भागातल्या मेलॅनोमाचं तसं नाही. जनुकांतला बिघाडही दोन्हीकडे वेगळा असतो. म्हणून कोणी म्हणत असेल की गॉगल लावला म्हणजे झालं, तर तसं नाही. गॉगल जरूर लावा, पण तपासणीच्या ऐवजी नको.

आता खोटं अर्धं. "फार कमी" म्हणजे "नाही" नव्हे. आशियाई लोकांचा तो दर आपल्या एकशे चाळीस कोटींना लावून पाहा. मुलांना मी वर्गात हेच गणित घालत असे. हा कागदावरचा हिशोब आहे, पण उत्तर येतं वर्षाला सुमारे पाचशे माणसं. पाचशे माणसं म्हणजे आपल्यासारख्या एका अख्ख्या सोसायटीपेक्षा जास्त. आणि ही पाचशे माणसं एवढ्या मोठ्या देशात विखुरलेली. मग गल्लीतल्या डॉक्टरांनी जन्मात असा एकही रुग्ण पाहिलेला नसतो, यात त्यांचा काय दोष? पण पाहिलेला नसतो म्हणून सुचत नाही, सुचत नाही म्हणून सापडत नाही, आणि उशिरा सापडतो तेव्हा गाठ मोठी झालेली असते.

दुसरी गोष्ट वयाची. गोऱ्या लोकांत हा आजार साधारण साठीच्या आसपास सापडतो. आशियाई रुग्ण, त्यात भारतीयही आले, बरेच तरुण असतात, चाळिशी-पंचेचाळिशीतले. म्हणजे ज्या वयात आपण "जवळचा चष्मा लागला असेल" म्हणून सोडून देतो, नेमकं ते वय.

तिसरी गोष्ट. फिलाडेल्फियाला विल्स आय हॉस्पिटल म्हणून डोळ्यांचं जुनं, नावाजलेलं रुग्णालय आहे. तिथल्या डॉक्टरांनी आपल्या ८१०० रुग्णांचा वंशाप्रमाणे अभ्यास केला. त्यात ९८ टक्के गोरे होते. आशियाई एक टक्कासुद्धा नव्हते. त्यांना आढळलं की आजार एकदा झाल्यावर तो शरीरात पसरण्याचा धोका वंशाप्रमाणे फारसा बदलत नाही. म्हणजे आपल्या रंगामुळे आजार दारात येण्याची शक्यता कमी होते, पण तो एकदा घरात शिरला की रंगाचा काही उपयोग नाही. आणि हेही लक्षात घ्या, या आजाराविषयी जगाला जे ज्ञान आहे ते जवळपास सगळं गोऱ्या माणसांच्या डोळ्यांवरून मिळालेलं आहे.

याचं एक उदाहरण सांगते. हा आजार डोळ्यातून पसरला तर बहुतेक वेळा यकृतात जातो. सुमारे निम्म्या रुग्णांमध्ये तो कधी ना कधी पसरतो, कधी कधी दहा-पंधरा वर्षांनी. पसरल्यावर आयुष्य वाढवतं असं सिद्ध झालेलं औषध कित्येक वर्षं नव्हतंच. २०२२ च्या जानेवारीत अमेरिकेत एका औषधाला मान्यता मिळाली, टेबेन्टाफस्प त्याचं नाव. ३७८ रुग्णांवर चाचणी झाली होती. वर्षभरानंतर हे औषध घेणाऱ्यांपैकी ७३ टक्के हयात होते, इतर औषधं घेणाऱ्यांपैकी ५९ टक्के. भावाने रात्री फोन करून सांगितलं, आम्ही दोघं रडलो. दुसऱ्या दिवशी मी नीट वाचलं. ते औषध सगळ्यांना चालत नाही. रक्तात पेशींची एक विशिष्ट खूण लागते, एचएलए-ए ०२:०१ असं तिचं नाव. कुलूप-किल्लीसारखं आहे ते. युरोपीय वंशाच्या सुमारे निम्म्या लोकांत ती खूण असते. आशियाई आणि आफ्रिकी लोकांत ती कमी आढळते. आपल्याकडे त्याच कुटुंबातल्या दुसऱ्या खुणा जास्त दिसतात, पण किल्ली अगदी तेवढ्याने लागत नाही. औषध बनवणाऱ्यांनी कोणावर अन्याय केला असं मी म्हणत नाही. पण ज्यांचे रुग्ण जास्त, त्यांच्या कुलपाची किल्ली आधी घडते, एवढं खरं.

आता उपचाराकडे येते. गाठ लहान किंवा मध्यम असेल तर डोळा वाचवता येतो. एक छोटी, बशीसारखी वाकलेली चकती असते, तिच्यात किरणोत्सारी पदार्थ असतो. ती डोळ्याच्या बाहेरच्या पांढऱ्या भिंतीवर, बरोबर गाठीच्या मागे, टाक्यांनी बसवतात. काही दिवस ठेवतात आणि काढून घेतात. ही चकती बरी की डोळा काढणं बरं, यावर अमेरिकेत १९८६ पासून एक मोठा अभ्यास झाला. मध्यम गाठीच्या १३१७ रुग्णांवर. निष्कर्ष असा, की दोन्ही गटांतली माणसं सारखीच जगली. म्हणजे डोळा ठेवला म्हणून जीव जास्त धोक्यात येत नाही. हे कळायला किती डोळे आधी काढले गेले असतील, विचार करा.

पण चकती सगळ्यांपर्यंत पोहोचते का? अमेरिकेच्याच नोंदी सांगतात की गोरे नसलेले आणि कमी उत्पन्नाचे रुग्ण असतील तर थेट डोळा काढण्याचं प्रमाण जास्त असतं. एवढा श्रीमंत देश, तिथेही! आजार एकच, पण उशीर, विमा, अंतर आणि खिसा हे सगळ्यांचं सारखं नसतं.

आणि आपल्याकडे? इथे मला अभिमानाने एक गोष्ट सांगायची आहे. आपल्या गेटवरून रोज सकाळी भाभा अणुसंशोधन केंद्राच्या बसेस जातात. आपल्यातले दोन-तीन सभासद त्याच बसने आयुष्यभर गेले. त्या ट्रॉम्बेच्या केंद्रात रुथेनियम-१०६ ची अशी चकती देशात पहिल्यांदा तयार झाली. वापरून झालेल्या अणुइंधनाचा जो कचरा आपल्याला भीतिदायक वाटतो, त्यातूनच हे रुथेनियम वेगळं काढलं. २०२० च्या सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या एम्समधल्या राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्राने ती तपासून चांगली असल्याचं सांगितलं. त्याआधी रुथेनियमची चकती परदेशातून मागवावी लागे, ती महाग पडे. आता आपल्या घरापासून काही किलोमीटरवर बनते.

मला तिचा उपयोग झाला असता का? नाही. आणि नेमकं हेच मला सांगायचं आहे. रुथेनियमचे किरण पाच-सहा मिलिमीटरपर्यंतच नीट पोहोचतात. माझी गाठ अकराची होती. ट्रॉम्बेच काय, चकती माझ्या उशाशी असती तरी उशीर झालेलाच होता. डोळा काढला तो निर्णय बरोबर होता. चूक आधीच्या चौदा महिन्यांत झाली, आणि त्यातले दोन महिने माझ्या स्वतःच्या परीक्षांचे होते.

मग दहा वर्षं मी लपवलं का? खरं सांगू? मुलीचं लग्न व्हायचं होतं. आईला कॅन्सर म्हटलं की लोक काय म्हणतील, मुलीलाही होईल म्हणतील. वास्तविक हा आजार बहुतेक वेळा आनुवंशिक नसतो, अगदी थोड्या कुटुंबांत असतो. पण लोकांना कोण समजावणार, म्हणून गप्प बसले. "आपल्यात हे नसतं" असं डॉक्टर म्हणाले, आणि "आमच्यात हे नाही" असं मी म्हणत राहिले. दोन्हींत फरक काय?

गेल्या गणपतीत प्रसाद वाटताना आपल्यातल्याच एक ताई म्हणाल्या, "दोन दिवस डोळ्यापुढे काळे ठिपके नाचतायत आणि वीज चमकल्यासारखं होतंय, नंबर वाढला असेल." मी ऐकलं आणि गप्प बसले. काही बोलायचं तर माझंही सांगावं लागलं असतं ना. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी साडेसहाला त्यांचं दार वाजवलं आणि रिक्षात बसवूनच घेऊन गेले. थेंब घालून तपासलं. मेलॅनोमा नव्हता, देवाची कृपा. पण पडद्याला चीर पडली होती. त्याच दिवशी लेसर केलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला असता तर पडदा सुटला असता. त्या ताई आज समोर बसल्या आहेत आणि त्यांनी सांगायची परवानगी दिली आहे, नाव मात्र मी सांगणार नाही. घरी येताना रिक्षात मी त्यांना माझं सगळं सांगितलं. तेव्हाच ठरवलं की आता सगळ्यांनाच सांगायचं.

तर घरी जाताना एवढं लक्षात ठेवा. नंबर तपासणं म्हणजे डोळा तपासणं नव्हे. चाळिशीनंतर बाहुली मोठी करायचे थेंब घालून पडद्याची तपासणी करून घ्या, आणि किती दिवसांनी पुन्हा यायचं ते डॉक्टरांनाच विचारा. मधुमेह असेल तर दर वर्षी. सावली, झटके, वाकडी रेघ, एका बाजूचं न दिसणं, यातलं काहीही झालं तर वाट पाहू नका. महिन्यातून एकदा एक डोळा झाकून कॅलेंडरच्या चौकटीकडे पाहा, मग दुसरा. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याचं लपवतो. कोणाच्या चेहऱ्यावर डोळ्याभोवती किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागात जन्मापासून निळसर-राखाडी डाग असेल तर त्यांनी दर वर्षी तपासून घ्यावं. असे डाग आशियाई लोकांत जास्त दिसतात. घाबरू नका, गोऱ्या लोकांतसुद्धा असा डाग असलेल्या चारशेंपैकी एकालाच जन्मात हा आजार होतो असा अंदाज आहे, पण नजर ठेवायला हवी. आणि खर्चाची भीती वाटली तर तिथेच थांबू नका. सरकारी योजनेत आपलं नाव आणि आजार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

कमिटीला एक विनंती. दर वर्षी आपण पार्किंगमध्ये नेत्रशिबिर घेतो. तक्ता लावून अक्षरं वाचून घेतात, चष्मे वाटतात, फोटो निघतात. चांगलंच आहे. पण रौप्यमहोत्सवी वर्षाच्या शिबिरात थेंब घालून तपासणारे डॉक्टर बोलवा. थेंब घातल्यावर चार-पाच तास नीट दिसत नाही, गाडी चालवता येत नाही, लोक कुरकुर करतील. तर आपल्या तरुण मंडळाच्या मुलांनी त्या दिवशी सगळ्यांना हाताला धरून घरी सोडावं. पंचवीस वर्षं आपण एकमेकांच्या दारातलं दूध आत ठेवतो, किल्ल्या सांभाळतो, हे काय जड आहे!

माझं म्हणाल तर दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी असते. हे बाहेर बाकावर बसून वर्तमानपत्र उलटं धरतात. दहा वर्षं रिपोर्ट चांगला आला. पुढची तारीख येत्या महिन्यात आहे. या वेळी कोणी विचारलं "कुठे निघालात?", तर मी "बाजारात" असं सांगणार नाही. खरं ते सांगेन.

जिन्यातला पिवळा पट्टा मात्र पुसट झालाय. सेक्रेटरी साहेब, तेवढं बघा.